मातीच्या गाभ्यावर काच: प्राचीन पद्धतीची अत्तरतेलाची कुपी पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

लंडनचं ब्रिटिश म्युझियम असो, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम (मेट) असो की कॉर्निंगचं काचसंग्रहालय, प्राचीन काचेच्या दालनात वीतभरही उंची नसलेल्या गडद निळ्या कुप्यांची रांग हमखास असते. अंगावर पिवळ्या, पांढऱ्या, फिरोजी रेषा, मध्यभागी त्यांची नागमोडी नक्षी. सुगंधी तेल ठेवायच्या या कुप्या. बघणारा गृहीत धरतो की काच फुंकून केल्या असणार. पण फुंकण्याची युक्ती निघाली इसवी सनपूर्व पहिल्या शतकात, सीरिया-पॅलेस्टाइनच्या बाजूला. त्याआधी जवळपास दीड हजार वर्षं अशा कुप्या वेगळ्याच रीतीने होत होत्या. सळईच्या टोकाला मातीचा गाभा लावायचा, त्यावर वितळलेली काच चढवायची आणि सगळं थंड झालं की गाभा खरवडून बाहेर काढायचा.

हे घरच्या टॉर्चवर, म्हणजे काच वितळवायच्या गॅसच्या ज्योतीवर, जमतं. अडचण अशी की पुरातत्त्वाचे लेख लिहिणारे टॉर्चबद्दल बोलत नाहीत आणि काचेचे मणी करणारे इतिहासात शिरत नाहीत. दोन्हीकडचं जुळवून, माझ्या हाताला पटलेल्या क्रमाने इथे मांडते आहे. तुम्ही टॉर्चवर थोडेफार मणी केले आहेत असं धरून चालले आहे. केले नसतील तर आधी ते शिकून घ्या, कारण सळई एका लयीत फिरवत राहण्याची सवय हाताला नसेल तर पुढचं काही जमणार नाही.

१. आधी जुनी कुपी नीट बघा

मेट आणि कॉर्निंग यांच्या संग्रहसूच्या घरबसल्या उघडतात. फोटो मोठा करून तीन गोष्टी शोधा.

पहिली, तोंडाच्या आतली बाजू. तिथे काच खडबडीत दिसते, बऱ्याचदा राखाडी किंवा तांबूस मातीचा थर अजून चिकटलेला असतो. तो गाभ्याचा उरलेला भाग. दुसरी, रेषांची टोकं. वर आणि खाली दोन्हीकडे टोकं असतील तर कारागिराने मऊ काचेवरून वाकड्या टोकाचा आकडा एकदा वर, एकदा खाली असा आलटून पालटून ओढला आहे. सगळी टोकं एकाच दिशेला असतील तर एकाच बाजूने ओढला आहे. तिसरी, कान. कानाखाली नक्षी सलग गेलेली दिसली की समजायचं, कान शेवटी लावले.

काळाचा ढोबळ नकाशाही डोक्यात असू द्या, कारण नक्षी आणि आकार एकाच काळातले घेतले तर कुपी खरी वाटते. इजिप्तमध्ये हे काम तिसरा थुतमोस या राजाच्या काळापासून, म्हणजे इसवी सनपूर्व पंधराव्या शतकापासून दिसतं. त्याचं नाव असलेली भांडी आजही आहेत. तिसऱ्या आमेनहोतेपच्या आणि त्यानंतरच्या अमार्ना काळात (अमार्ना म्हणजे अखेनातेन राजाची राजधानी) ही कला भरात होती. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९१-९२ मध्ये अमार्नाला खणलं तेव्हा काचकामाचे तुकडे, कांड्या, धागे असं पुष्कळ हाती लागलं. ब्रिटिश म्युझियममधली माशाच्या आकाराची कुपीही अमार्नाचीच. एकदा तरी बघा, खवले दाखवायला रेषा कशा ओढल्या आहेत ते कळतं.

पुढे कांस्ययुग सरताना हा धंदा बसला. पुन्हा जोरात उभा राहिला तो इसवी सनपूर्व सहाव्या शतकाच्या मध्यापासून, भूमध्य समुद्राच्या परिसरात. ऱ्होड्स बेटावर इतक्या कुप्या सापडल्या आहेत की पहिलं मोठं केंद्र तिथेच असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. प्राचीन काचेचे अभ्यासक डोनाल्ड हार्डन आणि डेव्हिड ग्रोस यांनी या भूमध्य कुप्यांचे तीन गट पाडले: पहिला सहाव्या शतकाच्या मध्यापासून चौथ्याच्या सुरुवातीपर्यंत, दुसरा साधारण चौथ्या-तिसऱ्या शतकातला, तिसरा दुसऱ्या शतकाच्या मध्यापासून फुंकलेली काच बाजार काबीज करेपर्यंतचा. नवख्याने पहिल्या गटाला धरून राहावं. आकार साधे, नक्षी स्पष्ट, रंग चारच.

२. आकार: अलाबास्ट्रॉनच घ्या

पहिल्या गटात चार आकार भेटतात. अलाबास्ट्रॉन म्हणजे उभी नळकांडी, तळ गोल, तोंडाला रुंद चपटी कड, खांद्याखाली दोन बारके कान. अरिबॅलॉस गोल गरगरीत, खेळाडू अंगाला लावायचं तेल त्यात ठेवत. अम्फोरिस्कॉस निमुळत्या बुडाची, उंच कानांची. ओइनोखोए म्हणजे तीन पाकळ्यांच्या तोंडाची सुरई, तिला एक मूठ आणि खाली बैठक.

सुरई सगळ्यांना आवडते आणि बहुतेकांची पहिली कुपी तिच्यापायीच फुटते. बैठक, मूठ आणि तोंड तिन्ही शेवटी जोडायची, तोवर बाकीचं अंग थंड होऊन तडकतं. अलाबास्ट्रॉनला बैठक नाही, कान नखाएवढे. पाच सेंटिमीटर उंचीवर थांबा. जुन्या कुप्या दहा सेंटिमीटरच्या आसपास असतात खऱ्या, पण त्या भट्टीच्या तोंडाशी केलेल्या. लहान टॉर्चची ज्योत एवढं अंग एका वेळी गरम ठेवू शकत नाही.

३. सामान

- टॉर्च, एलपीजी आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. नुसत्या हवेवर चालणारा टॉर्च मण्याला पुरतो, कुपीला अपुरा पडतो.
- डिडिमियमचा चष्मा. सोडियमची पिवळी ज्योत डोळ्यांपुढून जाते आणि काच दिसते. गॉगल हा त्याला पर्याय नाही.
- तापमान नियंत्रक असलेली छोटी विजेची भट्टी. ही नसेल तर काम सुरूच करू नका.
- ३ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या सळया, फूटभर लांब.
- ग्रॅफाइटचा किंवा गुळगुळीत दगडाचा पाटा, त्यावर काच लाटायची.
- टोकाला वाकवलेला टंगस्टनचा किंवा स्टीलचा आकडा, चिमटा, पातळ सुरी.
- बीड रिलीज, म्हणजे मण्यांच्या सळयांना लावतात तो लेप.
- काचेच्या कांड्या: पारदर्शक कोबाल्ट निळा, अपारदर्शक पिवळा, पांढरा, फिरोजी.
- गाभ्यासाठी माती, शेण, वाळू. गाभा काढताना वापरायचा एन-९५ मास्क.

कांड्यांचा सापळा मोठा आहे. सगळे रंग एकाच प्रसरणांकाचे, म्हणजे तापल्यावर सारख्याच प्रमाणात फुगणारे, हवेत. मुरानोच्या मऊ काचेचा अंक १०४ असतो, त्यातच चारही रंग घ्या. बाजारात वजनावर मिळणाऱ्या, अंक न लिहिलेल्या कांड्या स्वस्त पडतात, मण्याला चालूनही जातात. पण निळ्या अंगावर वेगळ्या जातीचा पिवळा धागा चढवला की कुपी थंड होताना रेषेरेषेने तडकते. शंका असेल तर दोन रंगांचे धागे जोडून एक लांब केस ओढा. थंड झाल्यावर तो वाकला तर ती जोडी बाद.

काहींना काचही स्वतः बनवायची हौस येते. जुने कुपीवालेही ती बनवतच होते असं नाही. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलूबुरून इथे बुडालेल्या, इसवी सनपूर्व चौदाव्या शतकाच्या अखेरच्या जहाजावर कच्च्या काचेच्या जवळपास १७५ चकत्या सापडल्या, निळ्या, फिरोजी, जांभळट. काच एकीकडे बने आणि भांडी दुसरीकडे होत. तेव्हा कांड्या विकत आणण्यात कमीपणा नाही.

४. गाभा: सगळं इथेच ठरतं

जुन्या पुस्तकांत या पद्धतीला वाळूच्या गाभ्याची पद्धत म्हटलेलं असतं. ते वाचून नुसत्या वाळूचा गाभा करायला जाऊ नका, तो सळईवर टिकतच नाही. १९६० च्या दशकात डॉमिनिक लॅबिनो यांच्यासारख्या काचकारांनी स्वतः प्रयोग करून ही समजूत तपासली. प्राचीन गाभ्यांचे जे अवशेष तपासले गेले त्यांत माती, वाळू आणि जळून गेलेला वनस्पतिजन्य भाग असं मिश्रण दिसतं. आपल्याकडे चूल घालताना माती, शेण, भुसा कालवतात, त्याच घराण्यातलं हे मिश्रण. ज्यांच्या आजीने चूल घातलेली पाहिली आहे त्यांना हाताचा अंदाज लवकर येईल.

शेण कशाला, ते समजून घ्या, म्हणजे प्रमाण बदलायचं धाडस येईल. थंड होताना काच मातीपेक्षा जास्त आक्रसते. म्हणजे काच गाभ्याला आवळते. गाभा विटेसारखा कडक असेल तर तो दबत नाही आणि काचेलाच तडा जातो. शेणातला गवताचा चुरा जळून गेला की गाभ्यात बारीक पोकळ्या राहतात, गाभा किंचित दबतो आणि नंतर सहज खरवडताही येतो. मातीमुळे तो एकत्र राहतो, वाळूमुळे उष्णतेत आकार सोडत नाही.

कुंभाराकडची माती आणा. शेतातली काळी माती नको, ती ओली असताना फुगते आणि वाळताना भेगाळते. वाळलेलं शेण कुटून चहाच्या गाळणीतून गाळा. वाळूही गाळा. (ती गाळणी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.) तिन्ही आकारमानाने समसमान घेऊन सुरुवात करा, कमीत कमी पाण्यात घट्ट मळा आणि ओल्या फडक्यात रात्रभर ठेवा.

सळईचं टोक हातोडीने जरासं चपटं करा, नाहीतर ज्योतीत गाभा सळईवर नुसताच गरगर फिरतो. चपटेपणा कुपीच्या गळ्यातून बाहेर येईल एवढाच ठेवा. सळईला बीड रिलीजचा हात द्या, वाळू द्या, मग मिश्रण दाबून बसवा. आत हवा राहता कामा नये. अंगाची जाडी साधारण १४ मिलिमीटर, लांबी ४ सेंटिमीटर, टोक गोल. गळ्याशी जाडी ८ मिलिमीटरपर्यंत उतरवा आणि तशीच सेंटिमीटरभर पुढे न्या. गळा याहून बारीक केला तर गाभा खरवडायला तार आत जाणार नाही. तुम्ही कुपीची आतली बाजू घडवता आहात हे विसरायचं नाही. गाभ्यावर बोटाचा खळगा राहिला तर तिथे काच जाड होईल, उंचवटा राहिला तर पातळ.

सावलीत दोन-तीन दिवस वाळवा, मग एक दिवस उन्हात. पृष्ठभाग ओल्या बोटाने गुळगुळीत करून वरून बीड रिलीजचा पातळ थर द्या. आता भाजणी. गाभा थंड भट्टीत ठेवा, १०० अंशांवर दोन तास थांबा, मग हळूहळू ७०० अंशांपर्यंत नेऊन तासभर ठेवा. वास येतो, भट्टी गच्चीवर किंवा उघड्यावर असलेली बरी. गाभा आधी काळा पडतो आणि मग फिकट तांबूस होतो. काळा असताना थांबलात तर राहिलेलं शेण काच चढवताना जळतं आणि काचेत बुडबुडे उठतात.

एका घाण्यात पाच-सहा गाभे करा आणि एक चाचणीसाठी फोडा. अंगठ्याने दाबल्यावर टिकला पाहिजे, नखाने खरवडल्यावर भुगा पडला पाहिजे. नखाला दाद देत नसेल तर शेण वाढवा. हातातच ढासळत असेल तर माती वाढवा. ही चाचणी टाळून थेट काचेकडे धावणारे बरेच असतात आणि मग तडा गेला की दोष काचेला देतात.

५. काच चढवणं

जुने लोक नेमकं काय करत यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. गाभा वितळलेल्या काचेत बुडवत असं एक मत, काचेची पूड गाभ्यावर लावून वितळवत असं दुसरं, तापलेल्या काचेचा जाड धागा गाभ्यावर गुंडाळत असं तिसरं. काचकार विल्यम गुडेनराथ यांनी तिसरी रीत करून दाखवली आहे आणि टॉर्चवर तीच सोयीची आहे.

गाभा भाजलेला असला तरी ज्योतीच्या मागच्या, सौम्य भागात आधी सावकाश तापवा. पूर्ण केशरी होईपर्यंत काच लावू नका. कमी तापलेल्या गाभ्यावर काच चिकटल्यासारखी दिसते आणि पुढच्या फेऱ्याला पापुद्र्यासारखी सुटते.

सुरुवात बुडापासून. टोकावर काचेचा चांगला थेंब बसवून बूड बंद करा, मग तिथूनच धागा गुंडाळत गळ्याकडे या. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला टेकलाच पाहिजे. मधे फट राहिली की हवा अडकते. दोन-तीन वेढे झाले की वितळवून, पाट्यावर लाटून एकजीव करा आणि मगच पुढे जा. भिंत साडेतीन-चार मिलिमीटरची हवी. पातळ नाजूक कुपीचा मोह होतो, पण जुन्या कुप्याही हातात जड लागाव्यात अशाच जाड भिंतीच्या आहेत.

या सगळ्या वेळात, गळ्याशी काम करत असलात तरी, दर काही सेकंदांनी बूड ज्योतीतून फिरवून आणा. ‘टिक’ असा बारीक आवाज ऐकू आला तर बूड थंड पडलं होतं असं समजा.

६. रेषा

रंगीत कांड्यांचे दीड-दोन मिलिमीटर जाडीचे धागे आधीच ओढून ठेवा. पहिल्या गटातली नेहमीची मांडणी अशी: खांद्याशी सरळ वेढे, मध्यभागी नागमोडी पट्टा, खाली पुन्हा सरळ वेढे. धागा टेकवायचा आणि सळई फिरवायची, धाग्याचा हात स्थिर. वेढे झाले की वितळवून अंगात सपाट जिरवा.

मग फक्त मधला पट्टा तापवा. वरची कातडी मऊ आणि आतली काच घट्ट असताना आकडा हलकेच टेकवून वर ओढा. सळई अर्धा फेरा फिरवून समोरच्या बाजूला दुसरी ओढ. मग त्यांच्या मधोमध, मग पुन्हा मधोमध. अशा आठ ओढी वर झाल्या की त्यांच्या मधल्या जागांत आठ खाली. एका टोकापासून ओळीने ओढत गेलात तर शेवटच्या दोन ओढींमधली जागा कधीच जुळत नाही. आकडा खोल गेला तर गाभ्याला लागतो आणि तिथे भोक पडतं. दर ओढीनंतर तो पाण्यात बुडवून गार करा, नाहीतर काच त्याला चिकटून येते.

रंगांचे स्वभावही वेगवेगळे असतात. फिरोजीत तांबं असतं, ऑक्सिजन कमी असलेल्या ज्योतीत त्यावर तांबूस-करडी साय येते. आजचा पिवळा बहुधा कॅडमियमचा असतो, जास्त तापला की काळवंडतो. प्राचीन पिवळा शिसं आणि अँटिमनीचा होता. पांढरा निळ्यापेक्षा मऊ, तो पसरतो, म्हणून त्याचा धागा थोडा बारीक घ्या. पांढऱ्याऐवजी हस्तिदंती रंग घेतलात तर फिरोजीला लागून काळसर किनार उठेल. मला ती आवडते, पण जुन्या कुपीवर ती नसते.

७. तोंड आणि कान

गळ्याच्या टोकाला निळ्या काचेचा जाड वेढा द्या, तापवा आणि सुरीच्या पात्याने हलके दाबत चपटी चकती करा. कडेला पिवळा धागा फिरवला की जुना थाट येतो. कानासाठी खांद्याखाली काचेचा ठिपका लावा, किंचित ओढा, वळवून खाली टेकवा आणि ज्योतीने कांडी तोडा. टेकवायची जागा आधी लाल करून घेतली नसेल तर कान थंड झाल्यावर आपोआप गळून पडतो. दोन्ही कान समोरासमोर आले नाहीत तर जिवाला लावून घेऊ नका. संग्रहालयातल्या कित्येक कुप्यांचे कानही वाकडेच आहेत.

८. थंड करणं

सळईसकट थेट ५१५ अंशांच्या भट्टीत. तासभर तिथेच. नंतर ताशी ५० अंशांच्या वेगाने ३७० पर्यंत, मग भट्टी बंद करून झाकण न उघडता सकाळपर्यंत. आतला गाभा उष्णता धरून ठेवतो, म्हणून मण्यांसाठी वापरता तो वेळ इथे पुरत नाही. काही जण काम झाल्यावर कुपी वर्मिक्युलाइटच्या (उष्णता धरून ठेवणाऱ्या हलक्या खनिजाच्या) डब्यात खुपसतात. तेवढ्याने काचेतला ताण जात नाही. कुपी आठवडाभर छान दिसते आणि एके दिवशी कपाटात उभी राहूनच फुटते.

९. गाभा काढणं

पूर्ण थंड झालेली कुपी सळईसकट रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी सळईभोवतीची माती वाकड्या तारेने सैल करा, मग सळई हळूच मागेपुढे हलवत ओढा. जोर लावून पिरगळू नका, गळा तुटतो. उरलेला गाभा पाण्याखालीच खरवडा. कोरडा खरवडायचा नाही, कारण वाळूची बारीक धूळ फुप्फुसात जाणं हा काचकामातला खरा आणि कायमचा धोका आहे. मास्क लावा आणि सांडलेलं ओल्या फडक्याने पुसा, झाडू नका.

आतला शेवटचा पातळ थर निघणार नाही. निघाला नाही तरी चालेल. त्यामुळे निळा रंग बाहेरून भरीव, अपारदर्शक दिसतो आणि जुन्या कुप्यांसारखी छटा येते.

१०. तेल आणि खूण

आतून ही कुपी खडबडीत असते, म्हणून दाट अत्तर भरलं तर बरंचसं भिंतींनाच लागून राहतं. पातळ तेलात मिसळलेला सुगंध भरा. प्राचीन ग्रीक लेखक थिओफ्रास्टसने गंधांविषयी लिहिताना ‘बालानोस’चं तेल सुगंधाचा पाया म्हणून चांगलं असं सांगितलं आहे आणि अभ्यासक ते बहुधा शेवग्याच्या कुळातल्या एका झाडाशी जोडतात. आपल्या शेवग्याच्या बियांचं तेल बाजारात मिळतं, लवकर खवट होत नाही आणि त्याला स्वतःचा वासही फारसा नसतो. रुंद चपट्या कडेवर दोन थेंब ओतून ती त्वचेला टेकवून बघा, कडेचा उपयोग लगेच कळेल. बुचासाठी कॉर्क कापून घ्या. गोल बुडामुळे कुपी उभी राहत नाही, तेव्हा तारेची छोटी तिवई करा.

आणि बुडावर हिऱ्याच्या लेखणीने आपलं नाव आणि साल कोरा. आतली माती, जाड भिंत, वाकडे कान यांमुळे चार हात फिरल्यावर अशी कुपी प्राचीन म्हणून विकली जाऊ शकते. परदेशातल्या नातेवाइकांना पाठवणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत आणि कस्टमवाल्याला शंका आली तर पार्सल अडकतं. वस्तू पुरातन नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग देतो. अर्जाला जोडायला कुपी करतानाचे फोटो, निदान सळईवरच्या गाभ्याचा आणि भट्टीतून काढल्यावरचा, जपून ठेवा.